राजर्षी शाहू महाराज : शाळेचे दार सर्वांना उघडणारा राजा

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा त्यात कोणाचे चरित्र द्यावे यावर आमची बरीच चर्चा झाली. तथागत बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्याविषयी आपल्या विहारात वर्षभर बोलले जाते. वर्षावासात ग्रंथवाचन होते, महात्मा फुले आणि सावित्रीमाई यांच्या जयंत्या होतात. पण भिंतीवरच्या तसबिरींमध्ये एक भारदस्त अंगाचा, फेटा बांधलेला, मिशा राखलेला माणूस आहे. रविवारच्या धम्मवर्गातल्या एका लहान मुलीने विचारले की हा राजा आपल्या विहारात कशाला? त्याने काय बौद्ध धम्म घेतला होता का? प्रश्न साधाच होता, पण मोठ्या माणसांनाही त्याचे उत्तर धड देता येईना. तेव्हाच आम्ही ठरवले की या वर्षी चरित्र लिहायचे ते राजर्षी शाहू महाराजांचे.

दुसरेही एक कारण आहे. हल्ली आपल्या पोरांना शाळेत, कॉलेजात एक गोष्ट सारखी ऐकावी लागते. सगळ्यांना सारखेच द्या, कोणाला जास्त सवलत कशाला, शाळेत जात कशाला आणता, असे लोक म्हणतात. ऐकायला हे बरोबर वाटते. आपलीही काही मुले मान खाली घालतात. त्यांना हे माहीत नसते की हाच वाद शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात झाला होता, आणि एका राजाने त्याला कृतीने उत्तर दिले होते. ते उत्तर मुलांच्या हाती द्यावे म्हणून हा लेख.

कागलचा यशवंतराव

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलच्या जहागिरीचे अधिपती, आई राधाबाई. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा दु:खद अंत झाल्यावर गादीला वारस नव्हता. त्यांच्या राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले. तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. आई लहानपणीच गेली होती, पुढे वडीलही गेले. राजवाडा होता, नोकरचाकर होते, पण मायेचे छत्र नव्हते.

त्यांचे शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला झाले. धारवाडला फ्रेझर नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक होते. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचे लग्न झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्याचा कारभार त्यांच्या हातात आला.

धारवाडचे नाव आले म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या हकिकतीचे बीज तिच्यात आहे. महाराज धारवाडला शिकायला गेले त्याच्या चौतीस वर्षे आधी, १८५६ साली, त्याच धारवाडात एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला होता. शाळा सरकारी, फी भरायची तयारी, मुलगा शिकायला उत्सुक. तरी त्याला घेतले नाही. अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला. सरकारचे म्हणणे असे पडले की या मुलाची बाजू न्यायाची असली तरी एकाला आत घेतल्याने बाकीची सगळी मुले शाळा सोडून जातील, मग शाळा चालणार कशी? म्हणजे न्याय मुलाच्या बाजूने आणि निकाल त्याच्या विरुद्ध. बाबासाहेबांनी पुढे आपल्या लिखाणात या प्रकरणाची दखल घेतली आहे. त्या पोराचे पुढे काय झाले असेल? इतरांना चालत नाही म्हणून तुला बाहेर बसावे लागेल, हा न्याय आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसला.

कारभार कोणाच्या हाती?

महाराज गादीवर बसले तेव्हा त्यांनी आपला दरबार नीट पाहिला. राज्यात प्रजा बहुतेक शेतकरी, कारागीर, बलुतेदार, अस्पृश्य. पण कारभारात ही माणसे कुठेच नव्हती. १८९४ साली सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागा एकट्या ब्राह्मण समाजाकडे होत्या. कारकुनीच्या ५०० जागांपैकी अवघ्या १० जागा इतरांकडे होत्या. हा आकडा एखाद्याच्या द्वेषापोटी सांगत नाही. शिक्षण ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या होते त्याच्याकडे नोकरी गेली, आणि नोकरी ज्याच्याकडे गेली त्याच्या मुलांना पुन्हा शिक्षण मिळाले. असे ते चक्र होते. ते कुठेतरी थांबवल्याशिवाय आपोआप थांबणार नव्हते.

अशातच १८९९ साली वेदोक्त प्रकरण घडले. कार्तिक महिन्यात महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. तिथे भटजी मंत्र म्हणत होता तो वेदांतला नव्हता, पुराणांतला होता. विचारल्यावर कारण कळले की शूद्रांसाठी वेदमंत्र म्हणता येत नाहीत. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजालाही धर्माच्या लेखी शूद्रच ठरवले होते. मग गावकुसाबाहेरच्या माणसाची काय कथा? महाराजांच्या मनाला ही गोष्ट लागली. पण त्यांचे मोठेपण असे की ते नुसत्या स्वत:च्या मानापुरते थांबले नाहीत. आपल्याला जे लागले ते खालच्या पायरीवरच्या माणसाला रोज किती लागत असेल, हे त्यांनी ओळखले.

पन्नास टक्के आणि घोड्यांची पागा

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये एक हुकूम निघाला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. हुकूम असा की या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि असे पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले, अशी त्याची व्याख्या होती. ज्या खात्यात हे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक मागासवर्गीयाचीच करायची. आपल्या देशात राखीव जागांचा विषय निघाला की या हुकमाचे नाव घ्यावेच लागते. राज्यघटना येण्याच्या ४८ वर्षे आधी हे घडले.

ओरड होणारच होती, ती झाली. पुण्या-मुंबईच्या काही वर्तमानपत्रांतून टीका झाली. लायकी पाहायची की जात पाहायची, कारभार बुडेल, राजा जातिभेद वाढवतो आहे, असे आक्षेप आले. आज आपली मुले जे ऐकतात तेच, शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत.

याबाबतीत एक आठवण नेहमी सांगितली जाते. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर महाराजांना भेटायला आले. त्यांचे म्हणणे पडले की शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या जातीकडे न पाहता, फक्त लायकीवर द्याव्यात. महाराजांनी वाद घातला नाही. ते त्यांना घोड्यांच्या पागेकडे घेऊन गेले. तिथे घोड्यांना चंदी म्हणजे हरभरे देण्याची वेळ झाली होती. प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याच्या वाट्याची चंदीची पिशवी बांधलेली होती, जो तो आपले खात होता. महाराजांनी नोकरांना सांगितले की पिशव्या काढा, सगळी चंदी एका ठिकाणी पसरा आणि घोडे मोकळे सोडा. झाले. जे धट्टेकट्टे होते ते पुढे घुसले, लाथा झाडून त्यांनी बाकीच्यांना हटवले आणि सगळे फस्त केले. जी शिंगरे होती, आजारी, अशक्त होती, ती लांब उभी राहून नुसती बघत राहिली. महाराजांनी वकीलसाहेबांना विचारले की आता या दुबळ्यांचे काय करू? गोळ्या घालू का? म्हणूनच मी प्रत्येकाचा वाटा वेगळा बांधून देतो, असे त्यांचे म्हणणे होते.

ही गोष्ट आपण घरोघरी मुलांना सांगितली पाहिजे. चंदी सर्वांपुढे सारखीच पसरली होती, दार सर्वांना सारखेच उघडे होते, कोणालाही जातीवरून अडवले नव्हते. तरी दुबळा उपाशी राहिला. सारखे देणे आणि न्यायाने देणे यात फरक आहे, तो त्या पागेत दिसतो. आणि आणखी एक बघा. धट्ट्याकट्ट्या घोड्याची पिशवी महाराजांनी कधी काढून घेतली नव्हती. त्यालाही त्याचा वाटा होताच. फक्त दुसऱ्याचा वाटा त्याला खाता येत नव्हता.

जातवार बोर्डिंगे का काढली?

महाराजांना कळून चुकले होते की नुसता नोकरीचा हुकूम काढून भागत नाही. जागा ठेवली पण शिकलेला माणूसच नाही, तर जागा भरणार कोण? आणि खेड्यातले पोर शिकायला कोल्हापुरात आले तर राहणार कुठे, जेवणार काय? शाळेचे दार उघडे असले तरी पोट रिकामे असले तर मूल तिथे टिकत नाही. हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना कोणी सांगायला नको. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून रात्री कंदिलावर अभ्यास केलेली माणसे आपल्या वस्तीत अजून आहेत.

त्यांनी आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिले. पण तिथे पुढारलेल्या वर्गातील मुलेच राहिली, बाकीच्यांना शिरकाव मिळेना. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी असे करत वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. या बोर्डिंगांना महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, पैसा दिला. कोल्हापूरला पुढे लोक वसतिगृहांची जननी म्हणू लागले.

यावरही टीका झाली की राजा जातीजातींची वेगळी घरे बांधतो आहे, याने जाती पक्क्या होतील. हा आक्षेप खोटा म्हणून टाकून देण्यासारखा नाही, आणि महाराजांनाही तो कळत होता. पण एकत्र राहण्याचा प्रयोग फसलेला त्यांनी पाहिला होता. आधी प्रत्येक समाजात चार शिकलेली पोरे उभी राहू देत, मग त्यांना एका पंक्तीला बसवू, असा त्यांचा हिशोब होता.

या धोरणाची कसोटी लागली ती एका पोराच्या बाबतीत. जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर बोर्डिंगच्या चालकांनी सांगितले की अस्पृश्यांमध्ये जाऊन आलास, आता आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही. पोर ऐकेना. त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पुढे तेच कर्मवीर भाऊराव पाटील झाले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्याला असे वसतिगृह काढले की जिथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी पोरे एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीला जेवत. त्या वसतिगृहाला नाव शाहू महाराजांचेच दिले. कोल्हापुरात वेगळे राहून सुरू झालेली वाट साताऱ्यात एका पंक्तीला येऊन पोहोचली.

सक्तीचे आणि मोफत शिक्षण

१९११ साली महाराजांनी संस्थानातील अस्पृश्य मुलांचे शिक्षण पूर्ण मोफत केले. पण त्यांचे समाधान होईना. १९१७ साली त्यांनी मोठे पाऊल टाकले. करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वांना मोफत आणि सक्तीचे करणारा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया म्हणजे गरिबाला जड होता, पण महाराजांचे मत असे की आजचा दंड परवडला, उद्याचे अज्ञान परवडणार नाही. याच सुमारास ब्रिटिश सरकार सक्तीचे शिक्षण पैशाअभावी जमणार नाही म्हणत होते. नामदार गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक त्यांनी मंजूर होऊ दिले नव्हते. एका लहान संस्थानिकाने ते करून दाखवले.

कायदा झाल्यावर सुरुवातीला अशा २७ शाळा आणि १,२९६ विद्यार्थी होते. १९२१-२२ पर्यंत शाळा ४२० झाल्या आणि विद्यार्थी २२,००७. चार वर्षांत हे झाले. आकडे वाचताना डोळ्यांपुढे चित्र आणा. ज्या गावात पाटी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते त्या गावात चावडीत, देवळात, मिळेल तिथे शाळा भरू लागली.

आणि मग आला १९१९ सालचा तो हुकूम. आमच्या मते महाराजांच्या सगळ्या कामांत हा शिरोमणी आहे. संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा होत्या. त्या महाराजांच्याच काळात वाढल्या होत्या. पण वेगळी शाळा म्हणजे शेवटी वेगळाच वाडा. तिथे शिकवायला मास्तर मिळायचा नाही, मिळाला तर तो टिकायचा नाही. आणि मुलाच्या मनावर रोज कोरले जायचे की तू निराळा. महाराजांनी हुकूम काढला की दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद. सरकारी शाळेत शिवाशिव पाळायची नाही. सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र बसवायचे. शिक्षक आणि अधिकारी यांनी अस्पृश्य मुलांना इतरांप्रमाणेच वागवले पाहिजे, ज्याला हे मान्य नसेल त्याने नोकरी सोडावी. ज्या खाजगी शाळा ऐकणार नाहीत त्यांची सरकारी मदत बंद होईल, असेही त्यांनी बजावले.

धारवाडच्या त्या पोराला १८५६ साली जे उत्तर मिळाले होते त्याला हे उत्तर होते. इतर मुले शाळा सोडून जातील म्हणून तुला बाहेर ठेवतो, असे तिथे झाले होते. इथे राजा म्हणाला की मूल आत येईल आणि ज्याला ते चालत नाही त्याने आपली सोय बघावी.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की गादीवर बसल्यापासून या हुकमापर्यंत पंचवीस वर्षे गेली. महाराज एका दिवसात इथे आले नाहीत. चुकत, शिकत, विरोध सोसत आले. राजा असूनही त्यांना इतका वेळ लागला, यावरून जातीची भिंत किती जाड होती ते समजते.

शिकून करायचे काय?

शिकलेल्या महाराच्या पोराला काम कोण देणार, हाही प्रश्न होताच. महाराजांनी १९१८ साली महार वतन खालसा करून जमिनी रयताव्याने त्या त्या कुटुंबांच्या नावे केल्या, म्हणजे वेठबिगारीच्या दावणीतून माणूस सोडवला. शिकलेल्या अस्पृश्य तरुणांना तलाठी नेमले, काहींना वकिलीच्या सनदा दिल्या. काल जो पाटलाच्या दारात हुकमाची वाट बघत उभा राहायचा त्याचा पोरगा आज गावाचे दप्तर लिहू लागला.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट तर सर्वांना माहीत असावी. ते महाराजांच्या पागेत नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्याच इतर नोकरांनी त्यांना मारझोड केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला सांगून भांडवल दिले. त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल टाकले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तर स्वत: महाराज गाडी थांबवून तिथला चहा पीत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजा प्यायल्यावर नाही म्हणण्याची कोणाची हिंमत? हुकूम शाळेचा असो की हॉटेलचा, महाराज तो कागदावर ठेवत नसत, आधी स्वत: पाळत.

बाबासाहेब आणि महाराज

बाबासाहेब अमेरिकेत आणि विलायतेत शिकून आले होते आणि मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांची कीर्ती ऐकून महाराज त्यांना भेटायला परळच्या चाळीत गेले. छत्रपती चाळीत आला म्हणून लोक थक्क झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाले, त्याला महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष होते बाबासाहेब. महाराज तिथे आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्हाला तुमचा खरा पुढारी सापडला आहे, तो तुमचा उद्धार केल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा बाबासाहेबांचे वय २८ वर्षांचे होते. महाडचा सत्याग्रह व्हायला सात वर्षे अवकाश होता. एवढ्या आधी त्यांना कोणी ओळखले असेल तर या माणसाने. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली, तिचे अध्यक्ष महाराज होते. जुलैत बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला निघाले, तेव्हाही महाराजांनी १,५०० रुपये दिले.

कामाचा व्याप, मधुमेह आणि मनस्ताप यांनी महाराजांची प्रकृती ढासळली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. बाबासाहेब लंडनमध्ये होते. बातमी कळताच त्यांनी राजाराम महाराजांना पत्र लिहून कळवले की ही आपली स्वत:ची हानी आहे आणि अस्पृश्य समाजाचा तर मोठा कैवारी गेला. कोल्हापुरात महाराजांचे पहिले स्मारक उभे करण्यात पुढाकार घेतला तो चहावाल्या गंगाराम कांबळ्यांनी.

आपल्या मुलखापर्यंत

आता कोणी म्हणेल, कोल्हापूर कुठे आणि आपले जाफराबाद कुठे? खरे आहे. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९१८ साली कोल्हापुरात खेड्यापाड्यांत सक्तीच्या शाळा सुरू होत होत्या, त्याच साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. विद्यापीठ मोठे झाले, पण आपल्या पूर्णा-केळणेच्या काठच्या वस्त्यांत साधी शाळा यायला पुढे कित्येक वर्षे गेली. आली तीही परक्या भाषेत आणि दाराबाहेर बसवणारी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट गेली. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी शाळेच्या ओसरीवर बसून मुळाक्षरे गिरवली. वर्गात काय चालले आहे ते त्यांना खिडकीतून ऐकावे लागे. शाळेचे नाव इथे घेत नाही, त्याची गरज नाही. एका शाळेचा तो दोष नव्हता, तेव्हाची रीतच ती होती.

ती रीत मोडायला बाबासाहेब स्वत: मराठवाड्यात आले. १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेच मिलिंद महाविद्यालय. सोबत वसतिगृहे काढली. महाराजांनी कोल्हापुरात जे ओळखले होते तेच बाबासाहेबांनी इथे केले. वर्ग आणि वसतिगृह ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. त्या वसतिगृहात राहून शिकलेले मास्तर, इंजिनिअर, वकील मराठवाड्याच्या गावोगावी भेटतील. महाराजांनी एका संस्थानात हुकमाने केले ते बाबासाहेबांनी घटनेतून सगळ्या देशासाठी केले. १९५१ साली मद्रासच्या एका खटल्यात कॉलेजातील राखीव जागा कोर्टाने रद्द ठरवल्या, तेव्हा घटनेत पहिली दुरुस्ती होऊन मागासवर्गीयांच्या शिक्षणासाठी खास तरतूद करण्याचा सरकारचा अधिकार स्पष्ट लिहिला गेला. त्या वेळी कायदामंत्री बाबासाहेबच होते.

वाद अजून संपलेला नाही

शाळा कोणाची, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. त्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला की जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेने या जागा द्यायची गरज नाही. म्हणजे गरिबाने गरिबाच्या शाळेत जावे, श्रीमंताने श्रीमंताच्या. पालक कोर्टात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. १९१९ सालच्या हुकमाचा अर्थ शंभर वर्षांनी पुन्हा कोर्टात सांगावा लागला. दुसरीकडे २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची योजना पुढे आली. महाराजांनी शाळा मुलाच्या गावात नेली होती. वस्तीवरच्या मुलीला तीन-चार किलोमीटर लांबची शाळा म्हणजे बहुतेक वेळा शाळा बंदच, हे टेंभुर्णी-माहोऱ्याकडच्या आयाबाया आपल्याला सांगतील.

हा वाद फक्त आपल्याकडे आहे असेही नाही. ज्या अमेरिकेत बाबासाहेब शिकले तिथे २०२३ साली सुप्रीम कोर्टाने विद्यापीठ प्रवेशात वंश पाहण्याची पद्धत बंद केली, आणि २०२५ पासून तिथल्या सरकारने शाळा-कॉलेजांतील सर्वसमावेशकतेच्या योजनांवर टाच आणली. बाजू मांडणाऱ्यांचे शब्द तेच आहेत. कोणी म्हणते सर्वांना सारखे वागवा, कोणी म्हणते मागे राहिलेल्याला हात द्या. आम्ही म्हणतो, दोघांनीही एकदा कोल्हापूरची ती पागा पाहावी.

शेवटी त्या लहान मुलीच्या प्रश्नाकडे येतो. शाहू महाराजांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. बाबासाहेबांनी धम्मचक्र प्रवर्तन केले त्याच्या ३४ वर्षे आधीच ते गेले. पण तथागतांनी भिक्खूसंघात उपाली न्हाव्याला शाक्य राजकुमारांच्या आधी दीक्षा दिली, म्हणजे राजकुमारांनी त्याला वंदन करावे आणि त्यांचा कुळाचा अभिमान गळावा. शेवटी आलेल्याला आधी जागा देण्याची ही रीत ज्या राजाने आपल्या शाळेत आणली, त्याची तसबीर विहारात असायलाच हवी.

सर्व उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे. २६ जूनला विहारात महाराजांची जयंती करू तेव्हा नुसता हार घालून थांबू नका. शाळा उघडण्याचे दिवस तेच असतात. आपल्या वस्तीत कोणाचे मूल शाळेबाहेर आहे, कोणाची मुलगी सातवीनंतर घरी बसली आहे, कोणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म दाखल्यावाचून अडला आहे, हे त्या दिवशी घरोघर जाऊन बघू. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातले पोर मागे कोणाकडे ठेवता येईल, याचा विचार करू. शिकलेल्यांनी रोज संध्याकाळी एक तास विहारात द्यावा. आणि एखाद्या मुलाने विचारले की आम्हाला सवलत का, तर त्याला खाली बघू देऊ नका. पागेची गोष्ट सांगा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय.